ताटाखालची नोट

लेकीच्या घरी मी फुकट जेवत नाही. नागपूरला तिच्याकडे गेले की जेवण झाल्यावर ताटाखाली नोट सरकवते. एरवी शंभराची, दिवाळी असली तर पाचशेची. माझी आई असंच करायची. जावयाचं खाल्लं की मान खाली जाते, म्हणायची. मी चौथीपर्यंत शिकले. त्यात रीत मोडायचा धडा नव्हता.

म्हणून लेकीनं जहाजाच्या सहलीचं काढलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. सिंगापूरहून निघायचं, मलेशिया, थायलंड करून परत सिंगापूर. "दोघांच्या खोलीत तिसरं माणूस स्वस्तात बसते, आई," लेक म्हणाली. हे ऐकून बरं वाटलं. नुसत्या प्रेमापोटी नेत असती तर गेले नसते.

आमच्या आर्णीहून निघताना कपाशीच्या पैशातले अठरा हजार बटव्यात घातले आणि कमरेला खोचले. सोबत दशम्या, चिवडा आणि भुरक्याची, म्हणजे तेलात परतलेल्या तिखटाची डबी.

"नोटा कायले घेतल्या? जहाजावर कार्डच चालते," लेक म्हणाली.

"नोट चालत नाही अशी जागा मी अजून पाह्यली नाही."

ती पाहायला मिळाली. जहाजावर चढताना प्रत्येकाला एक कार्ड देतात. दोरीत ओवून गळ्यात घालायचं. खोलीचं दार त्यानंच उघडायचं, दुकानात तेच दाखवायचं. काउंटरवर जावयांनी खिशातून क्रेडिट कार्ड काढून दिलं आणि आमची तिन्ही कार्डं त्याला जोडली. म्हणजे मी चहा प्यायचा आणि पैसे जावयांचे जायचे. मी दोरी गळ्यातून काढली आणि कार्ड बटव्यात कोंबलं.

जेवणाच्या हॉलच्या दारात एक पोरगी मशीन घेऊन उभी असायची. येणारा प्रत्येक जण त्या मशीनला कार्ड लावून आत जायचा. मला वाटलं, इथंच पैसे कापतात. आत पाहिलं तर एकेका माणसाच्या ताटात तिघांचं जेवण, आणि अर्धं तसंच सोडून उठायची माणसं. एवढ्याचे पैसे जावयांनी भरायचे? पोट जड आहे असं सांगून मी खोलीत आले आणि दशमी खाल्ली. संध्याकाळी चिवडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दशमी, आणि दशमी संपल्यावर चिवड्यावर भुरका. पाणी बाथरूमच्या नळाचं. समुद्राकडे पाहत हाताच्या ओंजळीतून चिवडा खाणारी त्या जहाजावर मी एकटीच असेन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावई खोलीत आले. ते मला मामी म्हणतात.

"मामी, चला, डॉक्टरले दाखवून येऊ. दोन दिवस तुम्ही काही खाऊन नाही राह्यल्या."

दवाखाना खालच्या मजल्यावर होता. दारावर फीचा तक्ता. सोबत आलेल्या लेकीला मी विचारलं, किती घेते? तिनं रुपयांत सांगितलं. तेवढ्यात आमच्याकडे बाळंतपण होऊन बारसंही उरकतं. मी तिथंच थांबले.

"मले काही झालं नाही," मी म्हटलं. "भूक लागली."

मग सगळं सांगावं लागलं. जावई भिंतीला टेकून हसले. "मामी, जेवण तिकिटातच आहे. दारात नुसती माणसं मोजतात."

"अन् तिकीट कोणाचं? तुमचंच ना?"

"तिकीट माझं," लेक म्हणाली. "कार्डही माझंच. माझ्या पर्समध्ये काही सापडत नाही म्हणून यांच्या खिशात असते."

"मी पण हिच्याच दाव्याला बांधेल आहो, मामी," जावई म्हणाले.

लेक हसली नाही. "दोन दिवस उपाशी राह्यली. चक्कर येऊन पडली असती तर? माझ्या घरी येते अन् ताटाखाली नोट ठेवते. मी काय खानावळ उघडली? इतके वर्षं पगार घेऊन राह्यली मी, अन् आईले एक घास चारता येत नाही मले."

"जावयाचं खाऊ नाही."

"हे जावयाचं नाही."

"लेकीचं तर त्याहून खाऊ नाही."

ती हॉलकडे चालू लागली. मी मागोमाग गेले. दोन दिवसांची उपाशी बाई तत्त्वानं किती चालणार? बिर्याणी खाल्ली, पिवळं काहीतरी गोड खाल्लं, पुन्हा बिर्याणी खाल्ली. पण मनात ठरवलं, जमिनीवर उतरले की या दोघांना मी चारीन.

सकाळी मलेशियातल्या पेनांगला उतरलो. बंदराजवळ एक तमिळ माणूस पैसे बदलून द्यायचा. त्यानं माझे पाच हजार घेतले, नाकाशी नेले आणि तोंड वाकडं केलं. डांबरगोळीचा वास. आमच्याकडे नोटेला कसर लागत नाही, ती अशीच नाही लागत. पेनानं आकडा लिहिलेली एक नोट त्यानं परत केली. मी दुसरी दिली. त्यानं बदल्यात तिकडच्या रिंगिटच्या एवढ्याशा नोटा हातावर ठेवल्या. त्यातून मी दोघांना डोसा, वडे आणि कॉफी दिली. लेकीनं मुकाट्यानं खाल्लं. माझी मान ताठ झाली. राहिलेल्या नोटा मी पुढच्या गावासाठी जपून ठेवल्या.

पुढचं गाव दुसऱ्या देशात होतं, हे मी धरलंच नव्हतं.

थायलंडला फुकेतमध्ये ऊन आपल्या वैशाखासारखं. माझ्याच वयाची एक बाई शहाळी विकत होती. मी तीन बोटं दाखवली. तिनं सपासप तीन शहाळी तासून हातात दिली. मी रिंगिट पुढं केले. तिनं नोट उलटी केली, सुलटी केली, शेजारणीला दाखवली आणि मान हलवली. मी शंभराची आपली नोट काढली. आता दोघी मिळून हसल्या. बाईच्या तोंडात तीनच दात होते, तेवढ्यावर ती चांगली पोटभर हसली. शहाळं तासलेलं, परत कसं करणार?

लेकीनं पर्समध्ये हात घातला. पहिल्याच झटक्यात तिला त्यांच्या देशाची नोट सापडली. पैसे देऊन ती माझ्याकडे पाहत उभी राहिली.

मी प्यायले. पाणी गोड होतं. रीत मोडल्याचं काही जाणवलं नाही. तहान मात्र भागली.

परत आल्यावर नागपूरला तिच्याकडे एक दिवस थांबले. जेवण झालं, आणि हात सवयीनं बटव्यात गेला. शंभराची नोट ताटाखाली सरकवली. लेकीनं ताट उचललं, नोट पाहिली. उलटी केली, सुलटी केली, अगदी त्या शहाळेवालीसारखी, आणि माझ्या मांडीवर टाकली.

"आई, ही इथं चालत नाही."

जावई पाण्याचा घोट घेता घेता ठसकले.

मी नोट पुन्हा बटव्यात घातली. वरणात मीठ कमी होतं. पैसे दिले असते तर बोलले असते.