बारावा रॉड

पूल ओलांडून निम्मा रस्ता झाला, तेव्हा मिस्त्री थांबले आणि कडेला जाऊन थुंकले. तोंडात काहीच नव्हतं.

"दादा, बरं नाही का वाटत?" धाकट्या बहिणीने विचारलं. हे लिहिणारी तीच.

"शिसारी आलीय, चिमे."

चिमीला नातवंडं झाली, तरी दादाला ती चिमीच. सकाळी दादा तिच्या दारात उभे राहिले ते धुतलेला सदरा घालून. "चल, जरा पायी जाऊन येऊ," एवढंच म्हणाले. कुठे ते नाही. ती देवापुढे बसली होती. हात जोडून उठली, चपला घातल्या आणि निघाली. पायीच जायचं होतं, कारण गावाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दादाची स्वतःची गाडी कायम उघडी पडलेली.

चाळीस वर्षं त्यांनी इंजिनं बांधली. तीही साधी नव्हेत. लांब नाकाच्या, आठ सिलिंडरच्या, उभ्या जागी गुरगुरणाऱ्या जुन्या गाड्यांची. त्यातली तेवीस वर्षं भागीदाराबरोबर, आणि तेवीस वर्षं दोघांचा एकच वाद. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट असतो, तो कुठे असावा? दादांचं म्हणणं, खाली, ब्लॉकमध्ये. तिथून लांब दांड्यांनी, म्हणजे पुशरॉडने, वरचे व्हॉल्व्ह ढकलायचे. भागीदाराचं म्हणणं, वर, थेट हेडमध्ये.

"तळमजल्यावर बसून काठीने माळ्याचं दार ढकलतोस तू! जरा जोरात पळवलं की तुझ्या दांड्या नाचायला लागतात," भागीदार म्हणायचा.

"आणि तुझ्या त्या डोईजड इंजिनाला हातभर साखळी लागते. ती तुटली की बस बोंबलत!"

भागीदार दादांना दांडीबहाद्दर म्हणायचा, दादा त्याला माळ्यावरचा. गिऱ्हाइकं मुद्दाम काडी टाकून मजा बघत बसायची. चिमी डबा घेऊन जायची तेव्हा तिला वाटायचं, देवाने यांना हात इतके चांगले दिले, मग तोंडं का दिली?

पण कामाची रीत पक्की होती. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बंद करण्याआधी ज्याने रॉड बसवले त्याने एकेक चिमटीत धरून फिरवायचा, वरचा नट तपासायचा आणि मोठ्याने आकडा म्हणायचा. दुसऱ्याने भिंतीवर खडूची रेघ मारायची. सोळा रॉड, सोळा रेघा. मगच कव्हर.

"त्या लाल गाडीचं इंजिन आठवतंय?" दादा चालता चालता म्हणाले. "सात महिने झाले."

आठवत होतं. सुरू केल्यावर दहाव्या मिनिटाला आतून घणाचे घाव बसल्यासारखा आवाज आला होता. उघडलं तर रॉड वाकलेला, आत तुकडे पडलेले, कॅमशाफ्टला खोल ओरखडे. चूक भागीदाराची, असं सगळीकडे झालं. त्याला वर्कशॉप सोडावं लागलं. आता तो बसडेपोत बस धुतो. त्याच्या हाती कुणी इंजिन देत नाही.

"त्या दिवशी मी अकरा म्हणालो आणि तो पचकला, 'अजून पाचच काठ्या राहिल्या, म्हातारबा.' झालं, जुंपली आमची. पाच मिनिटं भांडलो. मग मी पुढचा आकडा म्हणालो, तेरा."

चिमी थांबली. "आणि बारावा?"

"त्याने सांगितलं गं! 'बारावा राहिला, रेघा पंधराच आहेत,' असं स्पष्ट म्हणाला. मला वाटलं, चिडवतोय. म्हटलं, तुला पुशरॉडमधलं काय कळतं? आणि कव्हर बंद केलं."

"अरे देवा."

"पुढचं ऐक. आवाज आल्याबरोबर मला कळलं. गाडीचा मालक यायच्या आत मी ओलं फडकं घेतलं आणि भिंत पुसली. पंधराही रेघा. मग मालकासमोर म्हणालो, रॉड याने बसवले, याला ही इंजिनं कळतच नाहीत. तो भिंतीकडे बघत राहिला, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच गप्प बसला."

चिमीला भावाची किळस आली. खोटं कशाला लिहू? ज्या हाताला धरून ती शाळेत गेली होती, त्या हाताकडे तिला बघवेना. ती चार पावलं लांबून चालू लागली. दादांनी ते पाहिलं.

"मग आज कसं सुचलं?" तिने शेवटी विचारलं.

"काल कडक इस्त्रीच्या कपड्यांतले दोन शौकीन आले होते. नखाला काळा डाग नाही, आणि कॅम खाली की वर म्हणून घसा फोडताहेत. मला म्हणे, मिस्त्री, निकाल द्या. तेवढ्यात एक हसून म्हणतो, 'तुमच्या त्या भागीदाराने वाद जिंकायला मुद्दाम इंजिन फोडलं ना?' चिमे, मुद्दाम! रात्रीपासून घशाखाली घास उतरत नाही. सगळा वादच ओकून टाकावासा वाटतोय."

"गाडीच्या मालकाला सांगितलंस?"

"सांगणार. पण ज्याच्या तोंडाला काळं फासलं, त्याच्याकडे आधी."

समोर चाळवजा घरांची रांग होती. तिसऱ्या दाराबाहेर बादलीवर रबरी बूट पालथे घातलेले. दाराच्या अलीकडे दादा थांबले.

"चिमे, एक कर. मला बघितलं की तो म्हणणार, 'या, दांडीबहाद्दर.' माझी जीभ लगेच सुटेल, मला ठाऊक आहे. भिंत मी पुसली, हे माझ्या तोंडून निघेपर्यंत इंजिनाबद्दल अवाक्षर जरी काढलं, तर त्याच्यादेखत माझा कान धर. लहान आहेस म्हणून मागे राहू नकोस."