खांद्यावरचं मांजर

महायुद्धातल्या फौजी गणवेशांच्या खांद्यांवर शिवलेली कापडी चिन्हं जमवायचा मला नाद आहे. घरचे त्यांना चिंध्या म्हणतात. त्यातलं ब्रह्मदेशच्या आघाडीवरचं, पिवळ्या कापडावर काळं मांजर असलेलं चिन्ह आठ वर्षं मला हुलकावणी देत होतं. नार्नूर गावच्या एका दिवंगत फौजी ड्रायव्हरच्या घरी त्याची जोडी आहे असं कळलं आणि नव्वदच्या हिवाळ्यात मी नागपूरहून निघालो.

वाटेत इचोड्याला ट्रकांच्या धुरळ्यात दीड तास उटनूरच्या बसची वाट पाहिली. मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. पण बस सुटली, दोन्ही बाजूंनी सागाचं रान सुरू झालं आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. उटनूरला बस बदलून नार्नूरला पोचलो, तर ओसरी-ओसरीवर कापसाचे ढीग होते.

ड्रायव्हरच्या पत्नी भागीरथाबाई सत्तरीच्या. "आंदी जेवा, मंग बोला," म्हणाल्या. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा! इतकं चविष्ट जेवण मी त्या वर्षात जेवलो नव्हतो.

मग त्यांनी पेटीतून नवऱ्याचा कोट काढला. एका खांद्यावर मांजर होतं. दुसऱ्या खांद्यावरच्या मांजरावर कोणीतरी केशरी दोऱ्याने पट्टे भरून त्याचा चक्क वाघ केला होता.

"हे कोणी केलं?"

"म्यां! मांजर आडवं गेलं तं मानूस घरातून निंगत नाई, अन् हे खांद्यावर घेऊन आले. म्हून वाघ केला. दुसऱ्याले हात लावू देल्ला नाई त्यायनं. म्हने, यानंच मले जित्तं घरी आनलं."

त्यावरून दोघं चाळीस वर्षं भांडली, हे सांगताना त्या खुदकन हसल्या. टाके मात्र इतके सफाईदार, की मी पाहतच राहिलो. तरी लोभ सुटेना. मी मांजराकडे बोट दाखवून म्हणालो, "हे मला द्याल?"

त्यांनी कोट मांडीवर घेतला. मग कात्री घेतली आणि वाघ कोटावरून उसवायला लागल्या.

"वाघ न्या, भाऊ. तो माहा हाय. मांजर राहू द्या."

"पण तुम्हाला तर ते अपशकुनी वाटायचं ना?"

"वाटे तं. पन आता खोटं काऊन बोलू? आनलं त्यानं त्यायले घरी."

मांजर माझ्याकडे आजही नाही, आणि त्याची हळहळ नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण माझ्या संग्रहाच्या वहीत पहिल्या पानावर तो वाघ आहे. जाणकार मित्र बुचकळ्यात पडून विचारतात, ही कुठली फौज?

मी सांगतो, नार्नूरची.