नवऱ्याची आजारपणं

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी हजेरी लिहितो. तिथे कुंभारीहून एक बाई दर आठवड्याला नवऱ्याची रजा मागायला यायच्या. नवरा मागावर कामाला होता आणि तो पितो हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. बाई मात्र दर खेपेला दुसरंच काहीतरी कारण आणायच्या. वर्षभरात त्याला कावीळ तीनदा झाली आणि एकच मामा दोनदा वारला. पदराने घाम टिपत त्या म्हणायच्या, "लई अशक्तपणा हाय की हो." मीही गंभीर चेहऱ्याने लिहून घ्यायचो आणि त्या गेल्या की हसायचो.

गेल्या सोमवारी त्या नवऱ्यालाच दंडाला धरून घेऊन आल्या. त्याला आंघोळ घालून, भांग पाडून आणलं होतं.

"दारू सोडवायच्या दवाखान्यात नेतीय ह्यास्नी. म्हैन्याची रजा लिवा."

"अगं, कावीळ म्हण की!" नवरा कुजबुजला.

"न्हाय. दारूच लिवा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मी खोटं बोलत व्हते, तुमाला म्हाईत व्हतं. एकदा तरी टोकायचं की, दादा."

मी मान वर न करता अर्ज लिहिला आणि साहेबांची सही स्वतः जाऊन आणली. एरवी त्यासाठी मी लोकांना तासभर बाहेर बसवतो.