मुक्ताबाईंचा वेगळा पत्रा

दौंडहून कुरकुंभकडे जाताना रंभाबाईंची बेकरी लागते. दिवाळीच्या तोंडावर आसपासच्या बाया मैदा, साखर, तूप घेऊन येतात आणि नानकटाईचे डबे भरून नेतात. बेकरीतले पत्रे तव्यासारखे काळेभोर. नवं गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण तो काळेपणा ही रंभाबाईंची खरी कमाई. पत्रा कोमट असतानाच कोरड्या फडक्यानं पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं, उभा करून ठेवायचा. साबण नाही, तारेची घासणी नाही, आणि तापल्या पत्र्यावर गार पाणी तर मुळीच नाही. पत्रा वाकतो, मग जन्मभर एका कडेचा माल करपतो. नवऱ्यानं, मच्छिंद्रनं, पत्रा ओला ठेवला की त्यांचं दिवसभर तोंड फुगलेलं.

राहू गावच्या मुक्ताबाई मात्र आपला पत्रा घरून आणत. त्यांचं घर बागायतदारांचं, रंभाबाई बौद्ध. "आमचं आमच्याच पत्र्यावर भाजा," एवढंच त्या सांगत. कारण कुणी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. वर्षातून एकदा येणारा तो पत्रा राखेनं घासून लखलखीत केलेला असे. पहिल्याच वर्षी नानकटाई त्याला अशी चिकटली की भुगा झाला. एवढं मोठं गिऱ्हाईक तुटेल, म्हणून मच्छिंद्रनं उरलेलं पीठ गुपचूप आपल्या पत्र्यावर भाजलं आणि त्यांच्या पत्र्यावर मांडून दिलं. तेव्हापासून सतरा दिवाळ्या हेच चाललं.

गेल्या वर्षी मुक्ताबाई सोबत आलेल्या जावेला म्हणाल्या, "आमच्या पत्र्याची सर कशाला न्हाई बघ." ते रंभाबाईंना लागलं. वेगळेपणाचा अपमान त्यांनी इतकी वर्षं गिळला होता, पण आपल्या हातचं श्रेय त्या चकचकीत पत्र्यानं घ्यावं, हे काही गिळवेना.

"औंदा त्या सांगत्यात तसंच करायचं," त्या मच्छिंद्रला म्हणाल्या. निम्मं पीठ मुक्ताबाईंच्या पत्र्यावर भाजलं. व्हायचं तेच झालं.

दुपारी मुक्ताबाई एकट्याच आल्या. भुगा बघून म्हणाल्या, "हे कसं झालं गं?"

"तुमच्या पत्र्यावर असंच व्हतं, काकी. इतकी वर्सं आमच्या पत्र्यावर भाजत व्हतो." रंभाबाईंची नजर हलली नाही.

मुक्ताबाई बाकावर टेकल्या. "मला म्हाईत हाय. पहिल्या वर्सानंतर पत्र्याचं बूड कवा काळं झालं न्हाई. तवाच वळखलं."

"आन् तरी खाल्ली?"

"समद्यांच्या आधी."

"मग पत्रा कशाला आणत व्हता?"

"घरच्यांसाठी."

रंभाबाईंना वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. उलट जास्तच दुखलं. ज्याला ठाऊक नाही त्याला माफ तरी करता येतं. सगळं ठाऊक असून दर दिवाळीला पत्रा घासून आणणाऱ्या बाईचं काय करावं?

"उरलेलं पीठ आमच्या पत्र्यावर भाजून देते," त्या म्हणाल्या. "पर कुठल्या पत्र्यावरची, ते घरी सांगायचं. जमंल?"

मुक्ताबाईंनी भुग्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "भुगाच दे डब्यात. म्हणीन, ही आपल्या पत्र्यावरची. मग इचारतीलच, आजवर कुठली खात व्हतो."

"आन् इचारलं तर?"

"सांगीन."

रंभाबाईंनी भुग्याचा डबा भरून दिला. उरलेलं पीठ मात्र भट्टीत घातलं नाही. मुक्ताबाई घरी सांगून परत येईपर्यंत त्यांनी ते झाकून ठेवलं.