वीस हातांचा कट्टा

चंद्रव्वा अक्कलकोटाकडची, चौथी पास. भवानी पेठेतल्या विडीच्या कारखान्यात तिच्या ओळीला वीस-एकवीस बायका बसायच्या, पण अक्षर फुटायचं ते हिलाच. रद्दीवाल्याकडनं तिनं एक बिनपुठ्ठ्याची कादंबरी उचलली होती, कुठल्याशा बर्फाच्या मुलखातली. मिठाच्या खाणीतली माणसं सरदारावर उठतात, म्होरक्या येगोर नावाचा लोहार. दुपारपासनं सुटीपर्यंत चंद्रव्वा ती मोठ्यानं वाचायची, आणि तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्या थोड्या थोड्या वळून द्यायच्या.

"सरदार मेला का न्हाय गं अजून?" रंभाबाई विचारायची.

"मरंल की. अजून लई पानं हायत."

"जीव धरून बसलाय मुडदा. आपल्या चेकरावानी."

चेकर म्हंजे विड्या तपासून घेणारा गुरुसिद्धप्पा. मान वर न करता विडी बोटांत फिरवायचा आणि सांगायचा, ही वच्छलाची, ही रंभाची. विडीवरनं हात ओळखायचा. तोंडाकडं कधी बघायचाच नाही. मनात आलं की चांगली विडी पण 'छाट' म्हणून, मजुरी न धरता, टोपलीत टाकायचा. ती टोपली मालक मागल्या दारानं बाजारात घालायचा, हे बायकांना ठाऊक होतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यानं चंद्रव्वाचा पंचवीस विड्यांचा कट्टा सोडला. एक विडी फिरवली, दुसरी फिरवली.

"ह्यात वीस हात हायत. तुजा एक बी न्हाय. दिवसभर करतीस काय?"

"वाचते."

त्यानं तिच्या मांडीवरचं पुस्तक ओढलं आणि विड्या शेकायच्या भट्टीत फेकलं. चाळीस पानं राहिली होती. येगोरच्या गळ्यात फास पडलेला.

कात्र्या थांबल्या. मग रंभाबाईचं सूप चेकराच्या तोंडावर बसलं, डोळ्यांत तंबाखू गेली. वच्छलाची कात्री त्याच्या खांद्यात रुतली. तो खाली पडला तशा बायका त्याच्यावर नाचल्या; वर्षानुवर्षं टोपलीत गेलेल्या विडीविडीचा हिशेब टाचांनी केला. चंद्रव्वानं त्याचं उजवं मनगट धरलं.

"हात ओळखतोस न्हवं?" म्हणाली आणि तो हात निखाऱ्यात कोंबला. तो गुरासारखा ओरडला. कातडं करपल्याचा वास सुटला, तरी तिनं सोडला नाही.

पोलीस आले ते दारातनंच लाठ्या चालवत. वच्छलाचे पुढचे दात गेले, रंभाबाईच्या कपाळाची खोक डोळ्यापर्यंत आली. ट्रकात पोती टाकावी तशा बायका टाकल्या.

दुसऱ्या दिवशी चौकीत सगळ्यांना ओळीनं उभं केलं. गुरुसिद्धप्पाला दवाखान्यातनं आणलं, हात पट्टीत.

"हात जाळला ती ह्यातली कोण?" फौजदारानं विचारलं.

त्यानं पहिल्यांदाच बायकांची तोंडं बघितली. या टोकापासनं त्या टोकापर्यंत दोनदा गेला. शेवटी डाव्या हाताचं बोट रंभाबाईवर धरलं. रंभाबाई मुकाट पुढं सरकली.

"ती न्हवं," चंद्रव्वा म्हणाली.

"गप की गं," रंभाबाई दातांतनं बोलली. "तू आत गेलीस तर येगोरचं कोन सांगंल?"

"जळलं की ते. मला तरी कुटं ठावं हाय पुढचं?"

"मग रच. तुला येतंय."

चंद्रव्वानं पदराखालचा हात काढला. तोही बोटांपासनं मनगटापर्यंत भाजून फोडांनी भरला होता. हात तिनं गुरुसिद्धप्पाच्या नाकापुढं धरला. "विडी नसली की तुला वळख पटत न्हाय व्हय? हे बघ."

तिला दोन वर्षांची शिक्षा झाली. सुटून आली तेव्हा बोटं एकमेकींना चिकटून वाळली होती. त्या हातानं विडी वळणं शक्यच नव्हतं. कारखान्यानं तिला दारात उभं केलं नाही, तशी ती रंभाबाईच्या ओसरीवर येऊन बसली. तिथं आता बायका कारखान्यातनं पानं आणून घरीच वळत होत्या. कुणी तिला कशी आहेस विचारलं नाही. वच्छलानं तिच्यापुढं रिकामं सूप सरकवलं, आणि एकेकीनं त्यात चार-चार विड्या टाकल्या.

"बोल," रंभाबाई म्हणाली. "येगोरचं काय झालं?"

"फाशी दिली."

कात्र्या थांबल्या.

"आन् सरदार?"

"जित्ता ऱ्हायला," चंद्रव्वा म्हणाली. "पन उजवा हात गेला त्येचा."

कात्र्या पुन्हा चालू झाल्या.