पोतं लाल दोऱ्याचं, पेव हरिपूरचं

"बाई, पेव उघडायचं हाय, येताय का?" रत्नानं दारातूनच विचारलं, आणि मी तपासायच्या पेपरांचा गठ्ठा बांधून ठेवला. जमिनीच्या पोटातून हळद वर येताना बघायची होती!

रत्ना आमच्या रहिमतपूरच्या बौद्धवाड्यातली. दोन उन्हाळ्यांपूर्वी हळदीचा भाव पडला, तेव्हा तिच्या बायकांच्या गटानं ती विकलीच नाही. सगळ्यांची हळद सांगलीजवळ हरिपूरला, पेवात ठेवली. घरोघरचे पुरुष म्हणाले, "मातीत घातली!" आज खराब निघाली असती, तर गट तिथंच मोडला असता.

जायचं असेल तर पॅसेंजरनं जा. स्टेशन गावापासून लांब आहे; तिथवर वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं जायचं, मांडी घालायची सोय नसते. पॅसेंजरमध्ये आमच्यासोबत गटातल्या बायका होत्या, त्यांत पार्वतीकाकी. मोठी बागायत, मुलगा फौजेत. खिडकीतून दुसऱ्यांचा ऊस बघत म्हणाल्या, "माझ्या पोत्याला लाल दोरा हाय. माझं आधी काढायचं. कुणाच्यात मिसळलेलं मला चालायचं न्हाई."

काकी डुलकी घेऊ लागल्या तशी रत्ना माझ्या कानाला लागली. "बाई, पेवात पोती ठेवत न्हाईत. हळद मोकळी वततात. मला तिथं गेल्यावर कळलं."

"आणि काकींना?"

"कवा सांगू? त्यांनी सगळ्यांची हळद परत न्यायला लावली असती."

मला हसू आवरेना, आणि आपण हसतोय याची लाजही वाटेना.

सांगलीत उतरून आधी भडंग घ्या, मग हरिपूरची रिक्षा. आम्ही पोचलो तर समोर नुसतं मोकळं मैदान, त्यावर शेळ्या. हळद होती आमच्या पायांखाली! पेव म्हणजे जमिनीतला अवाढव्य रांजण: तोंड अरुंद, पोट मोठं, कडेनं उसाचा पाला. वीज नाही, औषध नाही. मात्र ते उघडलं की कुणी लगेच उतरत नाही, आतली हवा जीव घेते. माती, दगड दूर करून आम्ही लांब बसलो. भडंग संपलं. मग हमालानं पेटता कंदील दोरानं खाली सोडला. तो विझला नाही. हमाल उतरला.

काकी पेवाच्या तोंडाशी ओणवल्या. "लाल दोऱ्याचं पोतं आधी!"

आतून आवाज घुमला, "पोतं? आवं काकी, हितं नुसती हळद हाय!"

काकी सावकाश वळल्या. रत्नानं नजर खाली केली. तेवढ्यात पहिली पाटी वर आली. कुणीच हात लावेना. शेवटी काकींनीच एक कांडी उचलून मोडली.

कट्!

आत केशरी. कीड नाही, बुरशी नाही. बायकांनी एकच गिल्ला केला. शेळ्या पळाल्या. कुणी कुणाच्या गालाला हळद फासली ते कळेना. माझा चष्मासुद्धा पिवळा झाला.

"रत्ने, माझा दोरा कुठाय?" काकी गरजल्या.

रत्नानं कमरेच्या बटव्यातून लाल दोऱ्याची गुंडी काढली. "ह्यो बघा. ह्यो तेवढा मिसळू दिला न्हाई."

काकींनी गुंडी हिसकावून घेतली. मग काकींचं पोट हलू लागलं, आणि त्या हसत मटकन खालीच बसल्या. त्यानंतर मात्र पाटीतली प्रत्येक जाड कांडी त्यांच्याच रानातली निघाली. "आन् बारीक?" रत्नानं विचारलं. "त्या तुझ्या गं!"

ही पद्धत अशीच टिकेल, असं मी छातीठोकपणे लिहिणार नाही. नदी जवळ आहे. पुरात तिनं मनात आणलं तर काय, हे मी रिक्षात विचारलं. "गप बसा बाई, हळद लागलीय तोंडाला," काकी म्हणाल्या. परतीच्या गाडीत मात्र त्यांनीच रत्नाला कोपर मारलं. "पुढच्या खेपंला मोठं पेव बघ. माझी दोन पोती येतील."

घरी आले तेव्हा मुलीनं विचारलं, लग्नाला गेली होतीस का? तोंड धुतलं, पिवळेपणा राहिला. काकींनी दिलेली मूठभर हळद रुमालात आहे, पुरचुंडीला तोच लाल दोरा. कांड्या दिव्याखाली उलटसुलट करून पाहिल्या. काकींची कुठली, रत्नाची कुठली, मला सांगता आलं नाही. उद्या सगळ्याच कुटून वरणात घालते.