अर्धी गाठ

हिरीला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती स्वतःच्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसली होती, जणू कुणी ती पळवणार होतं. ऑगस्ट १९८६, डहाणूच्या नर्सिंग शाळेचा पहिला दिवस. आम्ही चौदाजणी होतो. माझे वडील डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क, घर पंधरा मिनिटांवर. तरी होस्टेलात राहायची सक्ती होती, आणि मी सकाळपासून त्याच्यावर कुरकुरत होते. कुरकुरण्यात माझा हात कुणी धरला नसता.

हिरी आली होती तलासरीच्या पलीकडच्या एका डोंगराकडच्या पाड्यावरून. आई नव्हती. सोडायला बाप आला होता, लडक्या नावाचा, काटकुळा आणि अबोल. आश्रमशाळेतून ती दोनदा पळून घरी गेली होती, हे त्यानेच हसत सांगितलं. मग कनवटीतून अंबाडीचे दोन दोरे काढले. प्रत्येकाला अठरा गाठी, कारण शिक्षण अठरा महिन्यांचं. त्यांच्या पाड्यावर लग्नाचे दिवस असेच मोजत म्हणे.

"दर अवसेला एक मी सोडीन, एक तू सोड," तो तिला म्हणाला. "शेवटची सुटली का मी न्यायला येन. तवर पळायचा नाय."

आणि तो गेला. मधे भेटायलाही येणार नव्हता. पोरगी मागे लागेल ही भीती. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणजे पत्राचाही प्रश्न मिटला.

आम्ही तिच्याशी वाईट वागलो असं नाही. नीट वागलो नाही, एवढंच. ती बोलली की कुणीतरी हसायचं, म्हणून तिने बोलणंच कमी केलं. इंग्रजी शब्द ती देवनागरीत वहीत उतरवून संडासाच्या रांगेत उभी राहून घोकायची. बेडपॅन, ताप-नाडीचे तक्ते, काचेच्या सिरिंजा उकळणं, आठ-आठ तास उभं राहणं; आम्ही या सगळ्याच्या नावाने खडे फोडायचो, ती फोडायची नाही. ऐकणारं कोण होतं तिला?

रविवारी माझी आई डबा घेऊन यायची. ती गेली की हिरी हळूच माझ्या खाटेशी यायची. मला वाटायचं, सुकटीच्या वासाने आली. पण ती विचारायची, "वसू, तुझ्या आईने काय विचारलं?"

"काय विचारणार? जेवतेस का, झोपतेस का. नेहमीचंच."

"अजून?"

"अजून काही नाही!" मी खेकसायचे. दर रविवारी हाच प्रश्न. मला त्याचा वैताग यायचा.

नवव्या महिन्यात प्रसूती वॉर्डात तिच्या हातून निर्जंतुक केलेला ट्रे पडला. सगळ्यांसमोर ट्यूटरबाई म्हणाल्या, "पाड्यावरच्या पोरी घेतल्या की हे असंच व्हायचं." दुपारी खाट रिकामी, ट्रंक गायब. शोधायला मला पिटाळलं. ती एसटी स्टँडवर सापडली, बाकावर. समोर तलासरीची गाडी लागलेली, हातात दोरा.

"चढलीस का नाही मग?" मी विचारलं.

"दहा राहिल्यात," ती म्हणाली.

गाडी सुटली. आम्ही ट्रंकेची एकेक कडी धरून परत आलो. वाटेत ती एकदाच बोलली, "या गाठी नसत्या ना, तर मी कधीच गेले असते."

जानेवारी ८८. परीक्षा आठवड्यावर आली होती, संपायला पंधरा दिवस होते. एका सकाळी फाटकाशी लडक्या उभा. धुतलेलं धोतर, बगलेत ट्यूटरबाईंसाठी कोंबडा. त्याचा दोरा सरळ, एकही गाठ नाही.

"चल," तो म्हणाला. "सुटली शेवटची."

हिरी आत आली आणि ट्रंक भरू लागली.

मी भडकले. "अगं, वेड लागलंय का? दीड वर्ष पाण्यात घालवणार?"

"तो बोलल्या दिवशी आला," ती म्हणाली. "मी तेवढ्यावरच इथं राहिले, वसू."

तिच्या उशीखालचा दोरा मी ओढून काढला आणि थेट लडक्यापुढे धरला. त्याला एक गाठ होती.

त्याने ती बोटांनी चाचपली. "अवसेला नाय सोडलीस?"

"नाय," हिरी मागून म्हणाली. "पाच तारखेला सोडायचे. नवा ड्यूटीचा तक्ता लागतो त्या दिवशी. इथं समदं तारखेनं चालतं."

बाप चंद्रावर मोजत होता, लेक तक्त्यावर. महिन्याला थोडं थोडं करत दोघांत पंधरा दिवसांचं अंतर पडलं होतं आणि दोघांनाही पत्ता नव्हता. हिरी मान खाली घालून उभी होती, चोरी सापडल्यासारखी.

"किती दिस अजून?" त्याने विचारलं.

"पंधरा."

"म्हंजे पुनवेला." त्याने आपल्या दोऱ्याला एक सैल, अर्धवट गाठ मारली. "अर्ध्या म्हैन्याला अर्धी गाठ. तुझी हाय ती सोड, मंग येन न्यायला." कोंबडा माझ्या हातात कोंबून तो चालू लागला.

तो वळणाआड जाईपर्यंत हिरी फाटकाशी उभी होती. हाक मारली असती तर तो थांबला असता. तिने मारली नाही. मग माझ्याकडे वळून ती मोठ्याने रडली. "मी त्याला एकटा परत धाडला गं."

पुनवेला परीक्षा संपली आणि लडक्या आला. दोरा पुढे करून म्हणाला, "सोड." तिने तो तसाच रुमालात गुंडाळला. घाईत विसरली असेल, असं मला वाटलं.

१९९५ मध्ये कामानिमित्त तलासरीला गेले, तेव्हा तिच्या उपकेंद्रावर डोकावले. आता ती सिस्टर होती, पाच पाड्यांची. क्वार्टर दोन खोल्यांचं, राहणारी एकटी. लडक्या जाऊन तीन वर्षं झाली होती. रजिस्टरांच्या फळीशेजारी खिळ्याला तो दोरा टांगलेला, अर्ध्या गाठीसकट.

"सोडायची राहिली की गं ही," मी म्हणाले.

"सोडली असती तर त्याचं न्यायला येणं संपलं असतं," ती म्हणाली आणि स्टोव्हला पंप मारू लागली.

मला तिच्या एकटेपणाची लाज वाटली. म्हणजे माझीच, इतकी वर्षं तो मला न दिसल्याची. चहा झाला, गाडीची वेळ झाली. पिशवी उचलून मी दारापर्यंत आले.

"वसू," ती मागून म्हणाली, "येताना तुझ्या आईने काय विचारलं?"

मी पिशवी खाली ठेवली, परत बसले, आणि आईने विचारलेलं एकूण एक तिला सांगितलं. शेवटची गाडी चुकली.